पोटाला दात नसतात

हिवरकुंडात एक भोळा गडी राहायचा. नाव म्हाळू. भोळा हा शब्द आमच्याकडे माणूस समोर असला की वापरतात. तो वळणाआड गेला की दुसरा शब्द आहे, पण तो मी इथं सांगणार नाही, कारण म्हाळू मला आवडतो.

म्हाळूत खोड एकच. सांगितलेलं तो ऐकायचा. आता ही काय खोड झाली, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरात तसा कुणी नसेल, म्हणून म्हणाल. एकदा त्याची आई हौसाबाई त्याला म्हणाली, "म्हाळ्या, दुधावर नजर ठेव." म्हाळू चुलीसमोर मांडी घालून बसला. दूध वर आलं, पातेल्याबाहेर आलं, निम्मं चुलीत गेलं, उरलेलं मोरीकडे निघालं. म्हाळूनं एकदाही नजर हलवली नाही. आईनं येऊन कपाळावर हात मारला, तेव्हा दूध कुठून कुठं गेलं ते त्यानं तिला बोटानं दाखवलंसुद्धा.

घरात तिघंच. हौसाबाई, म्हाळू आणि धाकटी तानी. वडील कधीच वारले होते. त्या वर्षी तानीला करडगावच्या भिवाजीरावांच्या मुलाचं स्थळ सांगून आलं. मुलाचं नाव अंकुश. तानीनं त्याला जत्रेत पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भाकऱ्या थापताना गुणगुणायला लागली होती. पण भिवाजीराव म्हणजे मानापानाचा माणूस. पानात मीठ डाव्या बाजूला नाही म्हणून एका घरची सोयरीक त्यांनी मोडली होती. पेरण्या आटोपल्या की ते मंडळी घेऊन जेवायला येणार, जेवण झालं की सुपारी फुटणार, असं ठरलं. घरात पुरुषमाणूस म्हणून पुढं होणार कोण? म्हाळू. हौसाबाईच्या जिवाला घोर लागला तो एवढ्यापायी.

त्यातच म्हाळूचं पोट दुखायला लागलं.

शेजारच्या दगडूमामाकडे नातवाचं बारसं होतं. म्हाळूनं तिथं भोपळ्याचे घारगे खाल्ले. किती खाल्ले ते दगडूमामालाच माहीत, कारण नंतर बरेच दिवस तो ते लोकांना सांगत होता. पोट टम्म फुगलं. हौसाबाईनं म्हाळूला गुंडोपंत वैद्यांकडे नेलं.

गुंडोपंत हुशार माणूस. पण नुसतं औषध देऊन त्यांचं समाधान व्हायचं नाही. समजावून सांगायची त्यांना भारी हौस, आणि समजावताना दाखला दिला नाही तर त्यांना स्वतःलाच चैन पडायचं नाही.

"चावलास का घारगे?" त्यांनी विचारलं.

"चावायला वेळ कुठं होता वैद्यबुवा? बाकीचे संपवत होते."

"अरे गाढवा, पोटाला दात नसतात! ज्याला दात नाहीत, त्याच्या आत काही घालायचं तर आधी आपण चावून बारीक करायचं. मग आत सोडायचं. कळलं?"

म्हाळूनं मान डोलावली. मान डोलावणं त्याला उत्तम जमायचं. घरी येईपर्यंत तो वाटभर पुटपुटत राहिला, "ज्याला दात नाहीत, त्याला चावून द्यायचं. ज्याला दात नाहीत, त्याला चावून द्यायचं."

दुसऱ्या दिवशी हौसाबाईनं त्याच्या हाती हरभऱ्याचं बियाणं दिलं. "जा, खालच्या तुकड्यात पेरून ये."

म्हाळू शेतात गेला. वाकला, जमिनीकडे पाहिलं, एक ढेकूळ उचलून त्याच्याखालीही पाहिलं. दात कुठंच नव्हते. म्हाळू बांधावर बसला आणि त्यानं हरभरा चावायला घेतला. मूठभर तोंडात टाकायचा, चावून चावून पीठ करायचा आणि सरीत सोडायचा. आधी जमिनीला, मग आपल्याला, असा नेम त्यानं केला होता. स्वतः एक दाणा गिळला नाही. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा जबडा इतका आखडला होता की तानीनं विचारलेल्या कुठल्याच प्रश्नाचं त्याला उत्तर देता येईना.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. गावच्या सगळ्या शेतांत हिरवं दिसायला लागलं. हौसाबाईच्या तुकड्यात मात्र गावच्या कोंबड्या जमायच्या आणि तृप्त होऊन परत जायच्या. मग हळूहळू सगळा प्रकार बाहेर आला.

"असं नसतं रे, म्हाळ्या!" हौसाबाईनं कपाळाला हात लावला.

"मग कसं असतं, आये?"

"बी अख्खं टाकायचं असतं! अख्खं आत टाकायचं, वरनं पाणी द्यायचं आणि गप बसायचं. आपोआप वर येतं!"

म्हाळूनं मान डोलावली. हौसाबाई आणि तानीनं उरलंसुरलं बी गोळा करून तुकडा पुन्हा पेरला. तिकडे म्हाळू पुटपुटत होता, "अख्खं आत टाकायचं, वरनं पाणी द्यायचं, गप बसायचं."

रात्रीच्या उसळीसाठी तानीनं हरभरे भिजत घातले होते. म्हाळूनं ते पाहिले. पेरणीचं बी तेच, खायचं बीही तेच, मग रीत दोन का असाव्यात? त्यानं वाटीभर हरभरे एकेक करून अख्खे गिळले, वर तांब्याभर पाणी प्यायला आणि अंगणात उन्हाला येऊन बसला. झाडांना ऊन लागतं एवढं तर त्यालाही ठाऊक होतं.

तानी म्हणाली, "दादा, असा का बसलायस?"

"बोलू नको. उगवायची वाट बघतोय."

तिन्हीसांजेला तो अंगणात गडबडा लोळायला लागला. पुन्हा वरात गुंडोपंतांकडे. गुंडोपंतांनी रानातली मुळी कुटून केलेली एक कडू पूड काढली, ताकात कालवली आणि त्याला पाजली. थोडा वेळ काही झालं नाही. मग म्हाळू उठला, कुंपणापाशी धावला आणि वाकला.

"आलं!" तो आनंदानं ओरडला. "आये, वर आलं!"

मग त्यानं खाली वाकून नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "पण जेवढं पेरलं तेवढंच आलं गं. पीक काही बरं नाही."

गुंडोपंतांनी डोळे मिटून घेतले. गप्प बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण दाखला त्यांच्या ओठांवर आला होता.

"म्हाळू, पोट म्हणजे शेत नव्हे. पोट म्हणजे पेटती शेगडी. तिच्यात एकदम काही कोंबायचं नाही. थोडं थोडं घालायचं, वेळच्या वेळी. आणि जेवण झालं की तसंच बसून राहायचं नाही. अंगणात शतपावली घालायची, मग घटकाभर डाव्या कुशीवर पडायचं. म्हणजे सगळं सुरळीत पचतं. कळलं?"

म्हाळूनं मान डोलावली. निघताना गुंडोपंतांनी त्या पुडीतली उरलेली पूड हौसाबाईच्या हातावर ठेवली. "राहू दे घरात. याचा काही भरवसा नाही. पुन्हा काही गिळलं तर लगेच द्या. पचायच्या आत वर काढलं की ते अंगी लागत नाही." हौसाबाईनं पुडी कोनाड्यात देवामागं ठेवली. म्हाळूनं ती कुठं ठेवली ते पाहिलं. नजर ठेवण्यात तो पक्का होता, हे मी सांगितलंच आहे.

पाहुण्यांचा दिवस जवळ आला. हौसाबाई आणि तानी कुरडया तळायचं तेल आणायला बाजारी निघाल्या. ओट्यावर शेगडीवर डाळ शिजत होती. हौसाबाई म्हणाली, "म्हाळ्या, डाळ झाली की उतरव. शेगडी मात्र विझू देऊ नको. थोडं थोडं घालत राहा."

थोडं थोडं घालत राहा! अगदी वैद्यबुवांचेच शब्द. म्हाळूनं डाळ उतरवली आणि शिंक्यावरची भाकरी काढली. एक तुकडा शेगडीत टाकणार, तोच त्याला आठवलं आणि त्यानं हात मागं घेतला. शेगडीला तरी दात कुठं आहेत? मग तो तुकडा त्यानं चावला, बारीक केला आणि निखाऱ्यावर ठेवला. चुर्र आवाज आला. म्हाळूला वाटलं, आवडली. अशा त्यानं तिला दोन भाकऱ्या भरवल्या. वर थोडं तिखटही दिलं. शेगडी धुरकटली, मंद झाली, तिच्यावर राख धरली.

"जेवली," म्हाळू म्हणाला.

मग त्यानं फडक्यानं शेगडीचे दोन्ही कान धरले आणि तिला घेऊन तो अंगणात येरझारा घालायला लागला. कुंपणापलीकडून दगडूमामानं पाहिलं.

"म्हाळू, शेगडी घेऊन कुठं निघालास?"

"कुठं नाही मामा. आत्ताच जेवलीय. जरा फिरवतोय तिला."

दगडूमामानं पुढं विचारलं नाही. त्याला घारग्यांचा अनुभव होता.

शतपावली झाली. आता डाव्या कुशीवर निजवायचं. शेगडीची डावी कूस कोणती हे ठरवायला म्हाळूला जरा वेळ लागला. उन्हात काय निजवायची, म्हणून कडब्याच्या गंजीच्या सावलीत त्यानं तिला अलगद कलती केली. निखारे कडब्यात सांडले. म्हाळू पाय न वाजवता बाजूला झाला, तिची झोप मोडू नये म्हणून.

गावानं धावत येऊन आग विझवली, पण निम्मी गंज गेली. हौसाबाई बाजारातून आली आणि राखेसमोर मटकन खाली बसली. या खेपेला तिनं कपाळाला हात लावला नाही. नुसती रडली. तानीपण रडली, पण वेगळ्या कारणानं. पाहुण्यांच्या दिवशी दादा काय करील, हे तिच्या मनात आलं होतं.

"असं नसतं का, आये?" म्हाळूनं हळूच विचारलं. मग त्यालाही रडू आलं. त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं हो. ज्यानं त्यानं सांगितलेलंच तर तो करत होता.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई त्याचं मनगट धरून गुंडोपंतांच्या ओट्यावर चढली. "वैद्यबुवा, तुम्ही याला निम्मंनिम्मं सांगता, म्हणून हा घोळ होतो. अन्न पोटात गेल्यावर त्याचं काय होतं ते एकदाच काय ते पुरतं सांगून टाका. परवा पाहुणे यायचेत. माझ्या पोरीचं नशीब याच्या हातात आहे."

असं कुणी म्हटल्यावर गुंडोपंतांना कोण आवरणार? त्यांनी पान थुंकलं, मांडी बदलली आणि सुरुवात केली.

"म्हाळू, ऐक. तोंडात अन्न बारीक होतं. पोटात त्याची पेज होते. ती पेज आतड्यातून पुढं सरकते. जाता जाता अंग त्यातला रस ओढून घेतं आणि चोथा खाली ढकलतं. त्या रसाचं रक्त होतं. रक्तातून मांस, हाडं, केस, नखं, सगळं पोसलं जातं. बघ तुझा हात. हा हात म्हणजे काय? तुझ्या आईनं थापलेल्या भाकऱ्या! डोक्यापासून टाचेपर्यंत तू आईच्या भाकरीचा झालेला आहेस. तानीही त्याच भाकरीची. म्हणून तर तुम्ही भाऊ-बहीण. एका घरचं अन्न अंगी लागलं की माणसं एका रक्ताची होतात. कळलं?"

एवढं सुंदर आपण याआधी कधी बोललो नव्हतो, असं गुंडोपंतांना वाटलं.

म्हाळूनं मान डोलावली नाही. हे पहिल्यांदाच घडलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. बोटं हलवून पाहिली. भाकरी हलत होती. घरी आल्यावर तो तानीला म्हणाला, "तानी, तू भाकरी आहेस."

"आणि तू रे?"

"मीपण. मी जास्त."

तानी खूप दिवसांनी हसली. म्हाळूला खरोखरच कळलं होतं, आणि घात तिथंच झाला.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. हौसाबाईनं म्हाळूला धुतलेलं धोतर दिलं, टोपी नीट बसवली आणि बजावलं, "आज तू वाढायचं. आग्रह करायचा. नको म्हणाले तरी वाढायचं. आणि एक कर राजा, ते वैद्यबुवांचं सगळं आज घरी ठेव."

"घरीच तर आहोत की, आये," म्हाळू म्हणाला.

भिवाजीराव आले. त्यांचे मेहुणे सर्जेमामा आले, चुलते आले, अंकुश आला. गावातला मानाचा माणूस म्हणून गुंडोपंतांनाही बोलावणं होतं. पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, भात, तूप. मीठ अगदी डावीकडे.

आणि खरं सांगतो, म्हाळूनं झकास वाढलं. भिवाजीराव "नको" म्हणाले, त्यानं पोळी वाढली. "पुरे" म्हणाले, त्यानं तूप वाढलं. सर्जेमामांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर म्हाळूनं पोळी हातांवर वाढली. भिवाजीराव खूश झाले. "पोरगा आग्रहाला चांगला आहे," ते म्हणाले, "नाही म्हणायची सोयच ठेवत नाही." आत दाराआड तानीनं आईचा हात घट्ट धरला. हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

म्हाळू आणखी पोळ्या घेऊन अंकुशपाशी आला. अंकुश मन लावून जेवत होता. एक घास, दुसरा घास. म्हाळू वाढता वाढता थांबला. आईच्या हातची पोळी. तोंडात बारीक होतेय. पोटात पेज. पेजेचा रस. रसाचं रक्त.

म्हाळूच्या अंगाला दरदरून घाम सुटला. त्याच्या डोळ्यांदेखत तानीचा नवरा तानीचा भाऊ होत चालला होता.

"पचली का हो?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"काय?" अंकुश म्हणाला.

"पोळी."

"अहो, अजून तोंडातच आहे."

"मग वेळ आहे!" म्हाळू म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे पळाला. "आये, मोठा घोटाळा झालाय!"

हौसाबाई भजी तळत होती. "म्हाळ्या, आज काही काढू नको रे बाबा. तुझ्यापुढं हात जोडते. जा, वाढ."

म्हाळूनं तानीकडे पाहिलं. ती हसत होती. नवी चोळी, केसांत अबोलीची वेणी. किती दिवस ती गुणगुणत होती! आता ही सोयरीक मोडली तर? छे. आपण भाऊ आहोत. आपणच काहीतरी केलं पाहिजे. त्यानं कोनाड्यातल्या देवाला नमस्कार केला आणि देवामागची पुडी काढली. पचायच्या आत वर काढलं की अंगी लागत नाही.

त्यानं ताकाची कळशी घेतली, सगळी पूड तिच्यात रिकामी केली आणि पंगतीत येऊन उभा राहिला.

"पाव्हणं, हे प्यायल्याशिवाय सोयरीक होत नाही."

भिवाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. गावोगावच्या निरनिराळ्या रीती त्यांनी पाहिल्या होत्या. "तुमच्याकडची रीत दिसते. मग पहिला मान माझा."

"वा दाजी!" सर्जेमामा म्हणाले. "मुलाच्या मामाचा मान पहिला असतो. भाच्याला मी खांद्यावर खेळवलाय."

"मी बाप आहे त्याचा!"

"म्हणून काय मामा मेला?"

चुलत्यांनी आपलाही मान काढला. शेवटी सगळ्यांना एकदम पेले द्यायचे असं ठरलं. सगळ्यांनी एकमेकांवर डोळा ठेवून, कुणी पुढं जाऊ नये म्हणून, एका दमात पेले रिकामे केले. गुंडोपंतांनी पेला खाली ठेवला, जीभ टाळ्याला लावून चव घेतली आणि ते पांढरेफटक पडले. ती चव हिवरकुंडात त्यांच्याइतकी दुसरं कुणी ओळखत नव्हतं.

पुढचं फार खोलात सांगत नाही. ऐकणाऱ्यांत कुणी जेवून आलेलं असायचं. एवढंच सांगतो की कुंपणापाशी पंगत पुन्हा बसली, आणि तिथं मात्र आधी कोण, नंतर कोण, यावरून कुणी भांडलं नाही.

म्हाळू एकेकाच्या पाठीमागं उभा राहून अगदी मनापासून आग्रह करत होता. "लाजू नका, घरचंच आहे. अजून असेल, येऊ द्या. नको म्हणू नका हो मामा, एक तरी घास, माझ्यासाठी! अंकुशराव, तुम्ही तर काहीच काढलं नाही. तुमचं तर सगळं यायला पाहिजे."

हौसाबाई दारात आली आणि उंबऱ्यातच खाली बसली. तिच्यामागून तानीनं पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. संपलं, असं तिला वाटलं. सगळं संपलं.

बऱ्याच वेळानं भिवाजीराव कुंपणाचा आधार घेत ताठ उभे राहिले. डोळे लाल झाले होते. मिशीचा एक आकडा खाली आला होता. "हे काय केलंस रे?" ते गरजले.

म्हाळूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "तुम्ही आमच्या घरचं अन्न खाल्लं. ते पचलं असतं तर त्याचं रक्त झालं असतं. मग अंकुशराव माझे भाऊ झाले असते. मग तानीला द्यायची कुणाला? भावाला?" त्यानं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "तिला अंकुशरावच पाहिजेत हो. ती रोज गुणगुणते."

तानीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. अंकुश आधी खाली बघून हसला, मग पोट धरून हसला, आणि रिकामं पोट दुखायला लागल्यावर थांबला.

"हे शहाणपण शिकवलं कुणी?" भिवाजीरावांनी विचारलं.

"वैद्यबुवांनी."

सगळ्यांनी कुंपणाच्या कडेला पाहिलं. गुंडोपंत वाकलेले होते. खरंतर त्यांचं केव्हाच आटोपलं होतं, पण मान वर करायला त्यांना सवड होत नव्हती.

भिवाजीरावांनी तोंड उघडलं. आता सोयरीक मोडणार, हे सगळ्यांना कळलं. पण त्यांनी पोटावर हात ठेवला. चेहऱ्यावर काहीतरी निराळंच उमटलं. मानाचा माणूस म्हटल्यावर दर घरी आग्रह, दर पंगतीत पहिला पाट. भूक लागायच्या आत कुणीतरी वाढलेलं असायचं. कितीतरी वर्षांत त्यांच्या पोटात ही खळबळ झाली नव्हती.

"सर्जेराव," ते हळू आवाजात म्हणाले, "मला भूक लागलीय."

"मलापण, दाजी."

हौसाबाई तटकन उठली. पण आत पोळी शिल्लक नव्हती, होती ती कुंपणापाशी होती. मग कुंपणापलीकडून दगडूमामाच्या बायकोनं टोपलीभर भाकऱ्या आणि ठेचा दिला. सगळा खेळ तिथंच उभं राहून तिनं पाहिला होता, त्याचं मोल तिनं भाकऱ्यांत फेडलं म्हणा.

भिवाजीरावांनी भाकरीकडे हात नेला आणि मागं घेतला. त्यांनी म्हाळूकडे पाहिलं. "आधी सुपारी फोडा. पोटं रिकामी आहेत तोवर. या पोराचा नेम नाही."

सुपारी फुटली. भाकऱ्या वाढल्या. हौसाबाईनं धास्तावून म्हाळूकडे पाहिलं, पण तो शांत होता. "खाऊ देत, आये," तो म्हणाला. "दगडूमामाच्या घरची भाकरी आहे. त्याला मुलगी नाही."

लग्न भिवाजीरावांनी मुद्दाम आपल्याच दारात ठेवलं. हिवरकुंडात जेवायला त्यांच्याकडचं कुणी तयार होईना. गुंडोपंतांनीही तेव्हापासून दाखले देणं सोडलं. आता कुणी आलं की ते जीभ बघतात, औषध देतात आणि दार लावून घेतात.

लग्न थाटात झालं. हिवरकुंडची मंडळी परत निघाली. तानी आता तिथंच राहायची. ती आईच्या गळ्यात पडून रडली, मग म्हाळूपाशी आली. म्हाळूच्या काखेत एक भलंमोठं गाठोडं होतं. लग्न ठरल्यापासून तो रोज रानात जायचा, काहीतरी खणून आणायचा, वाळवायचा, कुटायचा. भाऊ बहिणीसाठी रुखवताचं काही करतोय, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

"दादा," तानी हुंदके देत म्हणाली, "आता रोज इकडची भाकरी खायची. मग मी तुमची राहीन का रे?"

"तिकडची हाडांत गेलीय तुझ्या," म्हाळू म्हणाला. "ती कुठं जातेय?"

तानीनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आजूबाजूच्या बायकांनी डोळे पुसले. भिवाजीरावांनीसुद्धा खाकरून तोंड फिरवलं. म्हाळूनं गाठोडं तिच्या ओटीत घातलं आणि त्यातली एक पुडी काढून तिच्या हातावर ठेवली.

"हे बघ तानी, पोटभर जेव. लाजू नको. फक्त रोज जेवण झालं की ही एक पुडी ताकातून घे. त्यांच्याच घरची भाकरी रोज अंगी लागली, तर दिवाळीपर्यंत तू अंकुशरावांची बहीण होशील."